हाताचा लेयर

प्रिय प्रबुद्ध,

जय भीम. पाकीट जड लागलं असेल, आत पेनड्राइव्ह आहे. कागदाला चिकटपट्टी लावून चिकटवलाय, ओढताना पत्र फाडू नकोस. फोन करून बघितले, तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतोस आणि ठेवून देतोस. पत्र हातात आलं तर निदान शेवटपर्यंत जाशील असं वाटलं. चारकोपहून मानखुर्दला कोणी पत्र पाठवतं का, असं तुझे दाजी म्हणाले, पण मी पाठवतेय. एका फोटोचं काम अडलंय आणि ते तुझ्याशिवाय पुरं होणार नाही.

दुकान चालू आहे. पाटीवर अजून तुझंच नाव, 'प्रबुद्ध फोटो स्टुडिओ', आणि सेक्टरमधली माणसं मला प्रबुद्धवाली ताई म्हणतात. आधी राग यायचा. लग्नाआधीपासून या काउंटरला मी उभी आणि नाव तुझं. आता रागवायलाही अंगात जोर लागतो, तो उरलेला नाही. दिवसभर तेच ते. फोनवर काढलेला फोटो आणतात, मागे किचनचा ओटा नाहीतर दोरीवरचे कपडे, आणि म्हणतात, ताई, मागचं पांढरं करा ना, फॉर्म भरायचाय, साइट फोटो घेत नाहीये. मी मागचं पुसते, मग तो इरफानव्ह्यूमध्ये उघडते, लहान करते, जेपीजी करते, परत पाठवते. तू पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मला केवढं नवल वाटलं होतं. आता पोळ्या लाटल्यासारखं होतं, हात चालतो आणि डोकं दुसरीकडेच असतं.

फ्रेमचे फोटो मात्र अजून तसे होत नाहीत. माणूस गेलं की घरच्यांना कळतं, त्याचा एकट्याचा धड फोटोच नाही. मग कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात, त्यावर बोट ठेवतात, हे आमचे मामा, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आत फ्रेम पाहिजे. मामांच्या एका बाजूला मेहुणा, दुसऱ्या बाजूला नवरदेव, आणि कोणाचा ना कोणाचा हात मामांच्या खांद्यावर. चेहरा कापून काढणं सोपं असतं. खरं काम खांद्यावरच्या हाताचं. म्हणून तर पप्पांनी कॉम्प्युटरवर तो निळा कोट तयार करून ठेवला होता. कोट चढवला की खांदे झाकतात, हात झाकतो, कोणाचं कोपर घुसलं असेल तर तेही झाकतं. आणि लोकांना आवडतो. जन्मभर गटारं उपसलेला माणूस भिंतीवर टाय लावून बसतो, त्याची बायको डोळ्याला पदर लावते आणि म्हणते, साहेब दिसतात. तोच एक कोट, प्रबुद्ध. अर्ध्या सेक्टरला मी तोच घातलाय. द्रौपदीमावशींच्या भिंतीवर तर त्यांचा नवरा आणि दीर शेजारी शेजारी आहेत, एकाच कोटात, कॉलरवरच्या एकाच सुरकुतीसकट, आणि आजवर कोणी एक शब्द काढलेला नाही.

त्या रविवारी तू कॉम्प्युटरचं मशीन साफ केलंस त्याबद्दल मी कधी बोलले नाही. तुझं चुकलं असं नव्हतं. जुनं सॉफ्टवेअर चोरीच्या सीडीवरचं, सारखे व्हायरस, एकदा तर एका घरच्या बारशाचे सगळे फोटो उडाले आणि त्या बाईसमोर उभं राहायला मलाच लागलं. तू ते सगळं काढून टाकलंस आणि ही फुकटची टाकलीस, गिंप आणि बाकीची. म्हणालास, आता कोणाला घाबरायचं कारण नाही, हे राजरोस आपलं आहे. पप्पांचा कोटसुद्धा तू नव्यात उघडून ठेवलास. सगळं चांगलंच केलंस, फक्त त्यांना विचारलं नाहीस. निगेटिव्हवर पेन्सिलने रिटच करणारा माणूस, म्हातारपण जवळ आल्यावर माउस धरायला शिकला, एकेक बटण पाठ केलं, आणि सोमवारी येऊन बघतो तर एकही बटण जागेवर नाही. तरी ते स्टूल ओढून कामाला बसले. मला वाटलं, जिरलं.

मग आई गेली. तिचा फोटो त्यांना स्वतः करायचा होता. बाहेर माणसं जमत होती, प्लास्टिकच्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, आणि पप्पा स्क्रीनवर ब्रश शोधत होते. सापडेना. तू मागून गेलास आणि त्यांच्या हातातून माउस घेतलास. चांगल्या मनानेच घेतलास, हे मी कुठेही सांगेन. बघता बघता फोटो करून दिलास, आणि छान केलास, आजही तोच भिंतीवर आहे. पण लोकांच्या बायकांचे इतके फोटो केलेल्या माणसाला स्वतःच्या शांताबाईचा करता आला नाही, आणि तेही सगळ्यांच्या देखत. म्हणून त्यांच्या तोंडून गेलं, "परत या मशीनला हात लावायचा नाही." तू उठलास आणि गेलास. तू तो शब्द इतका तंतोतंत पाळशील असं त्यांना वाटलं नव्हतं रे. तुमच्या दोघांच्या मानापुढे मी हात टेकले. तुम्ही दोघं रुसून बसलात, आणि मधल्या मधे दुकान, घर आणि औषधं माझ्याकडे आली.

आता पुढचं वाचून शीतलवर रागावू नकोस. ती मला सम्यकचे फोटो पाठवते. नवऱ्याला, म्हणजे तुला, न सांगता, गेली बरीच वर्षं. सम्यक पहिल्यांदा उभा राहिला तो, शाळेच्या गणवेशातला, दात पडलेला. पप्पांना फोनवर नातू नीट दिसत नाही, म्हणून मी ते मशीनवर मोठे करून दाखवते. मध्ये शीतलने नवा फोन घेतला आणि फोटो उघडेनात. एचईआयसी म्हणून कसल्याशा फाइली यायला लागल्या. तुझं गिंप जुनं झालं होतं. पप्पा शेजारी स्टुलावर बसून, काय, आला का, असं विचारत होते, आणि मी उगाच इकडे तिकडे क्लिक करत होते. एरवी असलं काही अडलं की तुला फोन केला असता. शेवटी नवं व्हर्जन उतरवून घेतलं आणि सम्यक सायकलवर बसलेला दिसला. पप्पा म्हणाले, कसं केलंस ते मला दाखव. मी दाखवलं. कानाने ऐकायचे, बोटाने करायचे, विसरायचे, परत विचारायचे. मी एकदोनदा खेकसलेही. पण आता त्यांना फाइल उघडता येते, मोठी करता येते. सम्यकचे कान मोठे करून बघतात. कान आईचे आहेत म्हणतात.

ते हल्ली दुपारपर्यंत दुकानातच असतात. घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून दाजी कामावर जाताना त्यांना रिक्षातून आणून सोडतात. फुप्फुसाचं मी तुला मेसेजमध्ये लिहिलं होतं, त्यावरही निळ्या खुणा आल्या होत्या. ऑक्सिजनचं मशीन झेरॉक्सच्या बाजूला ठेवलंय. दोन्ही एकदम लावली की मेन पडतो, म्हणून कोणी झेरॉक्सला आलं की मी थांबायला सांगते. गिऱ्हाईक कुरकुरतं, मग मागे पप्पांकडे नजर जाते आणि थांबतं.

तर एक दिवस असंच बसल्या बसल्या ते म्हणाले, माझा फ्रेमचा फोटो करून ठेव. नंतर घाईत कोणीही कसाही करतं. मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यांच्यातला फोटोग्राफर बोलत होता, बाप नव्हे, म्हणून मीही मग कामाला लागल्यासारखं केलं. एक बरासा चेहरा शोधला, सवयीने कोट उघडला आणि चढवला. त्यांनी बघितलं आणि मान हलवली. "कोट नको. तो सगळ्यांनी घातलाय." मग कुठला फोटो हे त्यांनीच सांगितलं.

तुला पहिली नोकरी लागली त्या दिवशीचा, तुम्हा दोघांचा, आपल्याच दुकानात, पडद्यासमोर काढलेला. मी त्यात नाही, मी तेव्हा घाटकोपरला सासरी होते, इकडे परत आले नव्हते, आणि याचं मला थोडं वाईट वाटतंच. पण तो आईने काढलाय. तिने आयुष्यात काढलेला तो एकच फोटो. वाकडा आलाय, वर पडद्याची दांडी दिसते. ती चुकीचं बटण दाबत होती, पप्पा तिला तिथूनच सांगत होते, ते नाही, बाजूचं, आणि सांगता सांगता हसले, आणि नेमकं तेव्हाच तिने दाबलं. त्यांचा हसतानाचा दुसरा फोटो नाही. हा माणूस दुसऱ्यांना 'स्माइल' म्हणायचा आणि स्वतः मात्र पोलीस ठाण्यात बसल्यासारखा बघायचा. अंगात चौकडीचा शर्ट आहे, आणि उजव्या खांद्यावर तुझा हात.

कोट नको म्हटल्यावर हात झाकायला काही उरलं नाही. मी तो सावकाश काढला. तुझा हात कापून वेगळ्या लेयरवर ठेवला, आणि खाली डाव्या खांद्यावरच्या चौकडी उचलून उजव्या खांद्यावर बसवल्या. रेघेला रेघ जुळवताना मान आखडली. मी केलेलं सगळ्यात चांगलं काम असेल ते. पप्पांना दाखवलं, शाबासकीची वाट बघत. ते कितीतरी वेळ खांद्याकडे बघत बसले. मग विचारलं, हात कुठे गेला. मी सांगितलं, गेला नाही, वेगळ्या लेयरवर आहे, फोटोवर दुसरी काच ठेवावी तसा, लेयरच्या नावाशेजारचा हा छोटा डोळा दाबला की परत येतो. त्यांनी दाबला. हात आला. परत दाबला, गेला. त्या दिवसापासून दुकानात आले की आधी ती फाइल उघडतात. डोळा दाबतात, हात येतो, मग नाकातली नळी नीट करतात आणि बघत बसतात. मला वाटलं होतं बघून रडतील. रडत नाहीत. मीच मागे जाऊन लॅमिनेशनचे कागद उगाच नीट करते.

मंगळवारी डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, आता दवाखान्यात ठेवून उपयोग नाही, घरीच राहू द्या आणि जवळच्या माणसांना कळवा. म्हणून हे पत्र. फोटो छापायला द्यायचा तर जेपीजी करावा लागेल, आणि तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, एकदा जेपीजी केला की सगळे लेयर एक होतात. मग हात लावला असेल तर तो निघणार नाही आणि काढला असेल तर परत येणार नाही. मी आजवर लोकांचे इतके हात पुसले, प्रबुद्ध, पण हा माझ्याने ठरवला जात नाही. पेनड्राइव्हमध्ये तीच फाइल आहे, लेयर उघडे ठेवून. हात ठेवायचा की काढायचा हे तू ठरव, पण तिथे बसून नको, इथे येऊन ठरव, आणि ते ऐकू शकतात तोवर ये. शीतलला आणि सम्यकला घेऊन ये. मी तुला लिहितेय हे पप्पांना काल सांगितलं, आणि तुला काही सांगायचंय का असंही विचारलं. ते थोडा वेळ दम खात बसले आणि म्हणाले, "त्याला लिही, बटणं अजून सापडत नाहीत, येऊन दाखव म्हणावं." खोटं आहे ते. डोळ्याचं बटण त्यांना बरोबर सापडतं. पण तू ये.

तुझीच, आणि फार थकलेली,
ताई