पाकिटाबाहेरची छप्पन्न घड्याळं

ता. ८ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल काल दुपारी पोचलं. यादी देते, म्हणजे तुम्हाला ताळा करता येईल. ताडपत्री एक, चादरी दोन, मेणबत्त्या दोन डझन, काड्यापेट्यांचा पुडा एक, साबण चार, पोटाच्या गोळ्या आणि बिस्किटांचा डबा. डब्यातल्या वरच्या रांगेचा चुरा झाला होता, तो दुधात घालून सत्कारणी लावला. खोक्यावर एकशे चाळीसची तिकिटं बघून मात्र जीव कळवळला. हमाल दोन फेऱ्यांचे पैसे मागत होता. माल एका फेरीत आला होता, म्हणून एकीचेच दिले.

आता वादळाचं. तारा तुटल्यामुळे फोन अजून मुका आहे, म्हणून सगळं लिहितेच. रेडिओवर दोन दिवस आधीपासून सांगत होते. तुमच्या बंधूंचं दुकान खालच्या रस्त्यावर, तिथे पाणी शिरणार हे नक्की होतं. म्हणून दुरुस्तीला आलेली छप्पन्न घड्याळं आम्ही आदल्या दिवशीच घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वारा सुटला. हे गच्चीवर पाण्याची टाकी दोरीने आवळत होते आणि मी स्वयंपाकघरात घड्याळं घट्ट झाकणाच्या तीन स्टीलच्या डब्यांत भरत होते. मग दोघं मधल्या खोलीत पलंगाखाली शिरलो. पलंगाखाली मी इतकी वर्षं काय काय साठवलंय ते त्यांना तेव्हा कळलं. रिकाम्या बाटल्या त्यांनी मोजल्यासुद्धा. मी देवाचं नाव घेत होते, तर म्हणाले की जरा मोठ्याने घे, या वाऱ्यात वर ऐकू जायचं नाही.

चार वाजता सगळं थांबलं. पत्र्याची पडवी शेजारच्यांच्या अंगणात गेली आणि त्यांची मोरीची बादली आमच्याकडे आली. समोरच्या खोलीची खिडकी चौकटीसकट निखळली. दुकानात छातीइतकं पाणी होतं, कपाटं फुगली, पाटीवरची अक्षरं गेली. पण देवाच्या कृपेने छप्पन्नच्या छप्पन्न घड्याळं कोरडी ठणठणीत. एकाच्याही काचेवर वाफ नाही.

बाकी क्षेम. ह्यांची तब्येत बरी आहे. बोलणं जरा कमी झालंय, थकवा असेल.

लोभ आहे तेवढा पुरे, पण पार्सलं आता पुरे.
तुमची,
वहिनी

ता. १४ ऑक्टोबर

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

पत्र वाचून हायसं वाटलं. बिस्किटांच्या चुऱ्याचाही हिशेब लिहिणारी बाई म्हणजे डोकं शाबूत आहे, असं यांना म्हटलं. हे म्हणाले की हमालाचं बिचाऱ्याचं काय ते विचार.

पण तुझं पत्र आलं त्याच दिवशी आमच्या बंधूराजांचंही कार्ड आलं. त्यात अडीच ओळी. दुकान बंद करतोय, हत्यारं कुणी घेत असेल तर सांग, तब्येतीस जप. आता तूच सांग. छप्पन्न घड्याळं कोरडी आहेत, हात धड आहेत, डोळ्याचं भिंगही वाहून गेलेलं नाही. मग चाळीस वर्षांचं दुकान माणूस फुगलेल्या कपाटांपायी बंद करतो होय?

मी नर्स म्हणून सारा जन्म इस्पितळात काढलाय. सगळं बरं आहे म्हणणारा रोगी आणि त्याच्या शेजारी नको तितकं बोलणारी बायको दिसली, की मी आधी बायकोला बाहेर बोलवायची. तेव्हा ये बाहेर आणि काय झालंय ते लिही.

आशीर्वाद आहेतच, खरं लिहिलंस तर जास्तीचे.
तुझी,
वन्सं

ता. १९ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्यापासून काही लपत नाही, आणि देवापुढे बसले की मलाही मान वर करवत नाही. म्हणून लिहिते.

दुकानाची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. आलेलं घड्याळ पाकिटात जातं आणि पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव, घड्याळाचा दोष, मजुरी, सगळं शाईने लिहिलेलं असतं. वेगळी वही नाही. ती पाकिटं मी घरी चिकटवते, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची. विकत का आणायची?

त्या दिवशी पाकिटांसकट घड्याळं डब्यांत मावेनात. निम्मीच बसली. चौथा घट्ट झाकणाचा डबा घरात नाही. मी विचार केला की पाण्याने बिघडायचं ते घड्याळ, कागदाचं काय. छप्पन्न पाकिटं रिकामी केली, नीट गठ्ठा करून रबर लावलं आणि समोरच्या खोलीत टेबलावर ठेवली, खिडकीखाली. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गुळगुळीत कागद तो, उन्हात पुन्हा छान वाळला. चित्रं जशीच्या तशी आहेत. नावं तेवढी सगळी धुऊन गेली.

डबे उघडून ह्यांनी एकेक घड्याळ कानाला लावलं. किती आनंदले होते. मग पाकिटं मागितली. मी गठ्ठा दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, तसाच खाली ठेवला आणि हात धुवायला गेले. ओरडले असते, वन्सं, तर मी चार शब्द उलट बोलले असते आणि संपलं असतं.

त्यांचं म्हणणं मला नंतर कळलं, तेही तुकड्यातुकड्याने. काही घड्याळं त्यांना आठवतात, दहा-बारा. बाकीची सगळी गोल, पांढरी तबकडी, चामडी पट्टा. एखाद्याचं दुसऱ्याला गेलं, तर लोक म्हणणार की म्हाताऱ्याने वादळाच्या नावाखाली हात मारला. इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालं नाही. तसं ऐकण्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं. लोक घरी येऊन विचारतात, तर हे मला पुढे करतात आणि मी सांगते की अजून चिखल काढतोय. चिखल कधीच काढून झालाय.

माझ्या काटकसरीने ह्यांच्या नावावर पाणी पडलं. काय करू ते सांगा. लोभ असावा, आणि राग आला असेल तर तोही कळवावा.
तुमची,
वहिनी

ता. २४ ऑक्टोबर

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

राग आला, पण अर्धं पत्र वाचून होईपर्यंतच. गठ्ठ्याला रबर लावलंस तिथे मला हसूच फुटलं.

आता ऐक. माझ्या वॉर्डात एक नवी पोर आली होती, फार कामसू. तिने एकदा तेवीस रोग्यांचे तेवीस चष्मे गोळा केले आणि एकाच तसराळ्यात घालून घासले. मला घाम फुटला. पण ज्याचा त्याला तासाभरात मिळाला. कुणी काडी चावलेली सांगितली, कुणी नाकावरचा वण. एका आजोबांनी मात्र दुसऱ्याचा उचलला, कारण त्यातून त्यांना जास्त चांगलं दिसत होतं, आणि ज्याचा होता त्यालाही आजोबांचा आवडला. तेव्हापासून मी मानते की वस्तूला मालक ओळखतो, कागद नव्हे.

तर चिखलाची थाप बंद कर. एक दिवस ठरवून सगळ्यांना घरी बोलवा. घड्याळं आत झाकून ठेवा. ज्याने त्याने आधी आपल्या घड्याळाची खूण सांगायची, मग आतून आणून दाखवायचं. लबाड एखादा निघेलही, पण छप्पन्न लबाड एका गावात नसतात. बंधूला सांग की थोरल्या बहिणीचा हुकूम आहे. आणि पाकिटं कुणी रिकामी केली ते गिऱ्हाइकांना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

जपून राहा, फार रडू नकोस, डोळे सुजले की भाजी नीट निवडता येत नाही.
तुझी,
वन्सं

ता. ५ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा हुकूम ह्यांना वाचून दाखवला. दोन दिवस ऐकलंच नाही असं दाखवलं, तिसऱ्या दिवशी दाढी केली. मी समजले.

दुकानाच्या दारावर दिवस लिहून चिठ्ठी लावली, आणि रविवारी सकाळी माणसं आली. घड्याळं आतल्या खोलीत पांढऱ्या चादरीवर मांडली होती, तुमच्याच पार्सलातल्या. हे दारात उभे राहून एकेकाची खूण विचारत होते आणि मी चहाचं बघत होते. काय एकेक खुणा, वन्सं. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या की माझ्या काचेच्या आत सहाच्या आकड्यापाशी पीठ असेल, आणि होतं. मास्तरांच्या पट्ट्याला कर्कटकाने पाडलेलं जादा भोक. बस-कंडक्टर म्हणाला की माझं रोज चार-वीसला थांबतं. ते खरं की खोटं बघायला सगळे चार-वीसपर्यंत थांबले. थांबलं.

मी दुसऱ्यांदा ट्रे घेऊन बाहेर आले, तर बेकरीवाल्या बाई माझी समजूत घालू लागल्या, की पुरुषमाणसाला घाईत सुचत नाही, तुम्ही त्यांना फार बोलू नका. मला काही उलगडेना. मग कळलं. हे दारात प्रत्येकाला सांगत होते की पाकिटं मीच घाईघाईने रिकामी केली, चूक माझी. सकाळपासून. जे नाव राखण्यासाठी हे दुकान बंद करायला निघाले होते, तेच माझ्यासाठी खर्ची घालत होते.

मी ट्रे खाली ठेवला आणि अकरा माणसांसमोर सांगितलं की हे खोटं आहे. पाकिटं मी काढली, गठ्ठा मी केला, खिडकीखाली मी ठेवला आणि त्या गुळगुळीत कागदाची काटकसरही माझीच. हे माझ्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात कंडक्टर म्हणाला की मालक, रागवायचं कुणावर ते आधी तुमचं दोघांचं ठरू द्या, तोवर आम्ही चहा घेतो. हे हसले, वन्सं. वादळानंतर पहिल्यांदा.

त्रेपन्न घड्याळांना मालक मिळाले; दुरुस्त झालेली घेऊन गेले, राहिलेली नाव लिहून ठेवून घेतली. उरलेली तीन कुणाची ते ह्यांना आठवतं; दोघं परगावी आहेत, तिसऱ्याला कळवलंय. गोंधळ एकच झाला. औषधवाले आणि जमीन-मोजणीवाले, दोघांची घड्याळं एका दुकानातली, एका वर्षातली, खुणाही सारख्याच. एकेक घेऊन गेले. चौथ्या दिवशी औषधवाले परत आले, म्हणाले की मी सगळीकडे वेळेवर पोचतोय, म्हणजे हे माझं नक्कीच नव्हे. मोजणीवाल्यांना बोलावून बदली केली. ते तर सुटकेचा निःश्वास टाकून गेले.

लबाड एकही निघाला नाही. दुकान सोमवारपासून उघडलं. कपाटं घासून उन्हात ठेवलीत. मला सकाळचे दोन तास गल्ल्यापाशी बसायला सांगितलंय, नावं वहीत लिहायला. जाते. वही पाठकोऱ्या कागदांची शिवली आहे, पण शाई विचारून, पाण्याने न जाणारी घेतली.

आता तातडीचं काम. रंगारी गुरुवारी नवी पाटी रंगवायला येतोय. ह्यांनी त्याला मजकूर देऊन ठेवलाय: येथे घड्याळे दुरुस्त करून मालकाच्या नावासकट परत मिळतील. त्याखाली बारीक अक्षरांत: वादळात बायकोची जबाबदारी नाही. मी बोलून थकले, नुसते मिशीत हसतात आणि रंगाऱ्याला म्हणतात की दुसरी ओळ जरा मोठी काढ. तुमचं तेवढं ऐकतात. तेव्हा लोभ असेल नसेल तो सगळा एकवटून दोन ओळी ह्यांच्या नावे लिहा, आणि बुधवारच्या आत पोचेल असं उलट टपाली कळवा.
तुमची,
वहिनी