ज्वारीच्या डब्यातला फोन

उमरगा, मंगळवार, दिवेलागण

डोकं अजून तापलेलंच आहे. बारीक व्हायचे व्हिडिओ बघून बघून आमच्या आठवीतल्या पिंकीनं भाकरी सोडली, परवा शाळेत चक्कर येऊन पडली. म्हणून आज ते व्हिडिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या कंपनीविरुद्ध तक्रार द्यायला ठाण्यात गेले. हवालदार म्हणाले, "ताई, गुन्हा कुणावर घेऊ? त्यांचा इथं पत्ताच न्हाय. तुम्ही पोरीचा फोन काढून घ्या."

घेतलाय की! ज्वारीच्या डब्यात पुरलाय. पण दुधात भेसळ निघाली तर तुम्ही डेअरीवाल्याला धरता, का लेकराला म्हणता दूध पिऊ नको? असं तोंडावर विचारून आले. जास्त बोलले का मी?

घरी आले तर डबा थरथरत होता. ज्वारीत हात घालून फोन काढला. कंपनीचाच निरोप: 'पिंकी, दिसली नाहीस. तुझ्यासाठी नवे व्हिडिओ आलेत.'

पोलिसांना कंपनीचं दार सापडत नाही. कंपनीला माझी लेक ज्वारीच्या डब्यातसुद्धा सापडते.