हॅकबेरी घळीची वाट

प्रिय ब्रिन,

क्लिओनला दारातून परत पाठवू नकोस. गुडघे धड नसताना ती शेजारधर्म म्हणून तीन तास गाडी चालवून तुझ्याकडे आलीय, ती केवळ हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून. काल शोधपथकाच्या मार्गोने तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालीस, "त्या माणसाचं मला काही सांगू नका," आणि फोन बंद करून टाकलास. मार्गोला ते लागलं. मला नाही लागलं. पंधरा वर्षं तू बाबांशी एक शब्द बोललेली नाहीस, मग परक्या बाईच्या एका फोनवर कशी बोलशील? म्हणून लिहितेय. सगळं वाच. मधलं गाळू नकोस.

तुझे बाबा मंगळवारी सकाळी घरातून गेले. आज गुरुवार आहे, सकाळचे सात वाजलेत आणि ते अजून आलेले नाहीत. त्यांची आठवण दोन वर्षांपासून विरत चाललीय, हे मी तुला नाताळच्या फोनवर सांगितलं होतं. तू हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागलीस. आताशा ते रोज सकाळी उद्यानाचा नकाशा घेऊन स्वयंपाकघरात येतात आणि माझ्यासमोर प्रवाशासारखे उभे राहतात. "बाई, माझ्याकडे चारच तास आहेत. कुठली वाट घेऊ?" मी म्हणते, "आधी बूट दाखवा." ते पाय वर करून दाखवतात. मग मी नदीकाठची सपाट वाट सांगते आणि आम्ही दोघं दोन मैल चालून घरी येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला त्याचा कंटाळा आला नाही. उलट बरं वाटायचं, की एवढं तरी त्यांना माझ्याकडून हवंय.

मंगळवारी मला दाढ काढायला जायचं होतं. क्लिओन साडेनऊला येऊन त्यांच्याजवळ बसणार होती. मी नऊला निघाले. त्या अर्ध्या तासात ते गेले. गाडीच्या किल्ल्या मी पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. त्या त्यांना सापडल्या. दुपारी गाडी मिळाली, हॅकबेरी घळीच्या तोंडाशी. ज्या घळीचं नाव आपल्या घरात बावीस वर्षं कोणी काढलं नाही, तिथे. पाण्याच्या दोन बाटल्या घरात नाहीत, म्हणजे त्यांनी नेल्या असाव्यात. उन्हाचा पारा चाळीसच्या वर आहे. दोन बाटल्या किती पुरतात ते तुला मी सांगायला नको.

हे मी उद्यानाच्या माहिती केंद्रात बसून लिहितेय, माझ्या जुन्या काउंटरवर. मार्गोने शोधाचे नकाशे इथेच पसरलेत. एकतीस वर्षं मी इथे उभी राहून लोकांना वाटा निवडून दिल्या. माणूस तोंड उघडायच्या आधी मी त्याचे बूट बघायची, मग गुडघे, मग हातातलं पाणी, मग बरोबरचं सगळ्यात लहान मूल. शेवटी भिंतीवर लावलेला हवामानाचा कागद. एकदा एक आजी म्हणाली होती, "मला अशी वाट द्या, जिथे माझ्याआधी माझा नवरा दमेल." अख्खी रांग हसली होती. मला माझ्या कामाचा गर्व होता, ब्रिन. मी सांगितलेल्या वाटेवर कोणाला काही झालं नाही, असं मी नव्या पोरींना ऐकवायची. हे खोटं आहे हे मला ठाऊक असायचं, तेव्हाही ऐकवायची.

त्या ऑगस्टमधल्या दिवशी तू अकरा वर्षांची होतीस आणि एमेट आठचा. महिनाभर त्याने घळीचा धोशा लावला होता. सकाळी आठला बाबा तुम्हाला घेऊन इथे आले. तू बाहेरच्या नळावर बाटल्या भरत होतीस, म्हणून पुढचं तू ऐकलं नाहीस. बाबांनी मला विचारलं, "अर्डिस, आज घळीत नेऊ का यांना? की वर कड्यावरून फिरवून आणू?" माझ्यासमोर वीस माणसांची रांग होती. हवामानाचा कागद माझ्या हातात होता. वरच्या पठारावर दुपारी वादळाची शक्यता, घळींना पूर येऊ शकतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. एमेट काउंटरच्या कडेला लोंबकळून म्हणत होता, "आई, हो म्हण ना. एकदाच हो म्हण." बाहेर आभाळ स्वच्छ होतं. मी म्हटलं, "जा. दुपारच्या आत बाहेर पडा म्हणजे झालं."

पंधरा मिनिटांनी एका जर्मन जोडप्याने तीच घळ विचारली. मी त्यांना म्हटलं, "आज नको, पुराचा धोका आहे." आणि म्हणता म्हणता मी थिजले. खिडकीतून आपली गाडी दिसत होती. तुझ्या बुटाची नाडी बाबा बांधत होते. मला फक्त वीस पावलं धावायचं होतं. रांग सोडून बाई धावली तर लोक काय म्हणतील, असं काहीतरी मनात आलं. तुझे बाबा आभाळ ओळखतात, तेच बघतील, असंही आलं. मी पुढच्या माणसाचे बूट बघितले.

पाण्याचा लोंढा साडेअकराला आला. बाबांनी तुला वर ढकललं आणि ते एमेटसाठी वळले, मग पाणी ओसरेपर्यंत तुम्ही दोघंच वर कुठेतरी बसून राहिलात, एवढं तू त्या वेळी सांगितलंस. त्याला दोन दिवसांनी कुठे आणि कसं बाहेर काढलं, ते लिहायला माझा हात चालत नाही.

चौकशीला मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. अधिकाऱ्याने विचारलं, "माहिती केंद्रात चौकशी केली होतीत?" मी तोंड उघडलं, पण त्याआधी बाबाच म्हणाले, "नाही. मी कोणालाच विचारलं नाही. वाट मीच निवडली." बाहेर आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "ब्रिनला आई लागेल. तिने दोघांचाही तिटकारा करायचा, हे मला चालणार नाही." मी रडले आणि गप्प राहिले. पुढे अठराव्या वर्षी तू दारात बॅग ठेवून त्यांना म्हणालीस, "एमेटला तू मारलंस," तेव्हा मी तुझ्यामागेच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. तेव्हाही मी गप्प राहिले. तू दर नाताळला मला फोन करायचीस आणि ते पलीकडच्या खोलीत जाऊन बसायचे. मी ते चालू दिलं. तुझा आवाज मला हवा होता.

आता तू मला काय म्हणशील ते म्हण. ते ऐकायला मी आहे. त्यांच्याकडे मात्र वेळ नाही. पथकाने तोंडापासून धबधब्यापर्यंत घळीचा तळ दोनदा पालथा घातला, कुत्री फिरवली. ते तळात नाहीत. मार्गो म्हणते, "अर्डिस, जिथे ते मुलीला घेऊन चढले होते, तिथेच ते गेले असणार. ती जागा कुठे आहे?" मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही; विचारलं असतं तर तू सगळाच दिवस सांगितला असतास. बाबांनी चौकशीत फक्त "वर चढलो" म्हटलं. तिथे कपारी शेकड्याने आहेत, आणि आज संध्याकाळनंतर पथकातली अर्धी माणसं परत जाणार आहेत. एवढंच आठवतं, की इस्पितळात तू म्हणाली होतीस, बाबांनी तुला भिंतीवरून झिरपणारं पाणी चाटायला लावलं. तिथे पाणी असेल तर ते जिवंत असतील, ब्रिन. घळीत दगड जिथे दुभंगतो तिथून तुम्ही डावीकडे गेलात की उजवीकडे, आणि किती उंच, हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातलं एक तिथे वर बसलंय. मला क्षमा करू नकोस. मला लिहूही नकोस, पत्राला वेळ लागेल. क्लिओन दारात उभी आहे, तिच्या हातात फोन आहे आणि पलीकडे मार्गो थांबलीय. तिला सांग, डावीकडे की उजवीकडे.

तुझीच,
आई