चौथ्या प्रश्नाला ‘हो’

प्रिय एल्डन,

तुझं पत्र येऊन पंधरवडा होत आला. फोन हाताशी असताना माणूस पत्र लिहितो, तेव्हा त्याला समोरच्याचं ‘नाही’ कानांनी ऐकायचं नसतं. इतकी वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात बसून मी एवढं तरी शिकलेच आहे. म्हणून मीही पत्रच लिहितेय. फायदा असा, की तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तू विचारलंस ते सरळ आहे. विम्याची एजन्सी सोडून तुझ्याबरोबर येतेस का? दाराच्या काचेवर दोघांची नावं, मिळकत निम्मी-निम्मी, आणि डोक्यावर साहेब नाही. इकडे ट्रेंटने, म्हणजे आमच्या नव्या साहेबाने, मला मॅनेजरची खुर्ची देऊ केलीय. ट्रेंट माझ्या लेकीहून, केन्ड्राहून लहान आहे. मला ‘मिस डेल्फा’ म्हणतो आणि दार उघडून धरतो, पोरगं वाईट नाही. त्यालाही जून उजाडायच्या आत उत्तर हवंय. साठीला टेकलेल्या बाईला एकाच महिन्यात दोन मागण्या! ऑफिसातल्या पोरी म्हणतात, “काय नशीब काढलंय हो तुम्ही!” तेव्हा शांतपणे बस आणि मी कशी विचार करतेय ते वाच. उत्तर शेवटी आहे. आधी शेवट वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, ती आजच्यापुरती आवर.

एजन्सीचं आधी बोलते, कारण तिला तू नेहमी शिव्याच देतोस. दर सोमवारी डोनट, पातळ कॉफी आणि ज्याने आठवड्यात जास्त विकलं त्याने घंटा वाजवायची, हा पोरखेळ आहे हे मलाही कळतं. कमिशनचा मोठा वाटा वर जातो, तेही खरं. पण टेबलावर कार्डं येतात, एल्डन. कुठल्या तरी दरीतली म्हातारी टपालाने आलेलं कार्ड भरते, ‘माझ्या दफनाचा खर्च मुलांवर पडू नये, माहिती पाठवा’ असं सही करून कळवते, आणि ते कार्ड मला न शोधता मिळतं. तुला ते विकत घ्यावं लागतं, आणि तेही शिळं. सॅलर्सव्हिलच्या रस्त्यावरच्या त्या बाईची गोष्ट तूच सांगितली होतीस ना? तू पोचलास तेव्हा तुझ्या आधी तिघे येऊन गेले होते, आणि तिने दाराच्या जाळीआडूनच विचारलं, “मी मरणार आहे हे मला सोडून सगळ्या गावाला कळलंय का रे?” मी हसले होते. तू हसला नव्हतास.

शिवाय आमच्याकडे एकच कंपनी, एकच फॉर्म, एकच दर. मला झोपेतून उठवलं तरी मी आकडा सांगेन. तुझ्या बॅगेत अकरा कंपन्या, अकरा पुस्तकं. एकीला साखर चालते पण इन्शुलिन नाही, दुसरीला इन्शुलिन चालतं पण पाय कापलेला नाही. मी तुला तोंडावर म्हणायचे, एक ना धड भाराभर चिंध्या. गिऱ्हाईक समोर वाट बघतंय आणि हा बाबा चष्मा कपाळावर चढवून पानं उलटतोय. नेव्हा तर म्हणाली होती, आमच्या चर्चचा पाद्रीसुद्धा इतका वेळ बायबल चाळत नाही.

नेव्हाचं नाव निघालंच आहे, तर तिच्या नवऱ्याचं, बर्चेलचंही बोलू. आपल्यातलं सगळं त्या घरापाशी येऊन अडतं, आणि आपण ते नीट कधी बोललोच नाही. तू तेव्हा एजन्सीत नवा होतास आणि मी तुला शिकवायला बरोबर नेत होते. मार्चचा चिखल होता, गाडी ओढ्याच्या अलीकडे ठेवून आपण चालत वर गेलो. नेव्हाने बीन्स आणि मक्याचा ब्रेड पुढे ठेवला. बर्चेल दाराकडे तोंड करून बसला होता. खाणीत आयुष्य गेलेली माणसं बसतात तसा, श्वास मोजत. मी फॉर्मवरचे आजारांचे प्रश्न वाचायला लागले. तिसरा प्रश्न, गेल्या बारा महिन्यांत ऑक्सिजन घेतला का? बर्चेल म्हणाला, नाही. त्याच्या नाकावर नळीचे लाल वळ होते आणि पडद्यामागे यंत्र घरघरत होतं. नेव्हाने रेडिओ मोठा केला. बिचारीला वाटलं, तेवढ्याने भागेल.

आपल्या ऑफिसात असे होते, ज्यांनी ‘नाही’वर खूण करून सही घेतली असती. मग माणूस मेला की कंपनी दवाखान्याचे कागद मागवते, आणि बायकोच्या हातात नकार येतो. मी ते कधी केलं नाही, तुला माहीत आहे. मी पेन खाली ठेवलं, म्हटलं, बर्चेलदादा, आमची कंपनी तुम्हाला घेणार नाही, माफ करा, आणि उठले. प्रामाणिक ‘नाही’ म्हणजे माझ्या लेखी काम संपलं. तू उठला नाहीस. तू फॉर्म दुमडून खिशात घातलास आणि माझ्यासमोर, एजन्सीच्या पैशाने पेट्रोल भरलेल्या गाडीतून आलेला तू, त्या माणसाला म्हणालास, “आमच्याकडे सही करू नका. कुणीतरी घेणारं असेल. मी शोधतो.”

परत येताना गाडीत आपण किती भांडलो! मी म्हटलं, ज्याचं खातो त्याच्याशी इमान राखावं. तू म्हणालास, “मी बर्चेलचे बीन्स खाल्लेत, कंपनीचे नाही.” मला इतका राग आला, की तुझ्या घराच्या फाट्यावर गाडी थांबवली आणि तुला उतरवून दिलं. फाटा घरापासून केवढा लांब होता हेही बघितलं नाही. त्याच महिन्यात तू राजीनामा दिलास. जुन्या साहेबाने तुझा मोकळीकीचा कागद मुद्दाम अडवून ठेवला, आणि त्या कागदाशिवाय दुसरी कंपनी तुला दारात उभं करेना. तो सगळा उन्हाळा तू लोकांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त केलीस. जायच्या आधी तू मलाही चल म्हणाला होतास, धंद्यातही आणि घरातही. मी म्हटलं होतं, मला पगारी सोमवार आवडतात. ते खोटं नव्हतं. केन्ड्रा शाळेत होती आणि तिचा बाप टेनेसीला पळाला होता.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. तू बर्चेलला कंपनी मिळवून दिलीस. हप्ता जड, आणि पहिल्या दोन वर्षांत गेला तर पूर्ण रक्कम नाही, फक्त भरलेले हप्ते आणि वर दहा टक्के. बर्चेल दोन वर्षं भरायला थोडं कमी असताना गेला. चौकातल्या पेट्रोल पंपाच्या काउंटरवर लोणच्याची रिकामी बरणी आली, त्यावर त्याचा फोटो चिकटवलेला, खाली ‘दफनासाठी मदत करा’. तू जाणतोस, आपल्याकडे ती बरणी म्हणजे काय. लोक सुटे पैसे टाकतात, आणि मग वर्षभर त्या घराकडे वेगळ्या नजरेने बघतात. मी तिच्यात पैसे टाकले आणि तिथूनच तुला फोन लावला. म्हटलं, बघ तुझा स्वतंत्र धंदा, शेवटी बरणीच आली ना? तू म्हणालास, “तुझ्या कंपनीने शून्य दिलं असतं. तिला भरलेलं सगळं आणि वर दहा टक्के मिळाले, डेल्फा.” मी फोन आपटला. आणि नेव्हाने वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक करून कुणाकडे पाठवला? तुझ्याकडे! माझ्याकडे नाही. ते मला लागलं. अजून लागतं.

तरी तुझ्या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही मी बघितलीय. दोन हिवाळ्यांपूर्वी तू स्लोन नावाच्या गिऱ्हाइकाच्या ओसरीवरून बर्फात घसरलास आणि पाय प्लास्टरमध्ये घालून बसलास, तेव्हा तुझी गिऱ्हाइकं कुणाला फोन करत होती? ज्याचा साहेब नाही त्याला बदलीचा माणूसही नाही. रविवारी चर्च झालं की मी माझ्या गाडीने तुझ्या विधवांकडे जात होते. तो म्हातारा क्रिस्प, ज्याचं पेन्शन तिसऱ्या बुधवारी येतं आणि बँकेने हप्ता मात्र पहिल्या बुधवारी कापला, त्याची पॉलिसी बंद पडता पडता मी वाचवली. ट्रेंटला कळलं असतं, तर माझी घंटा कायमची बंद झाली असती. तू आभार मानलेस ते ठीक. पण मी गेले नसते तर? हा प्रश्न तुझ्या पत्रात कुठेच नाही. दारावर दोन नावं हवीत म्हणतोस, त्यामागे हेच आहे ना? तसं स्पष्ट लिहायला काय झालं होतं?

असो. कुणी परक्याने विचारलं, तर मी सांगेन: पाठीशी पैसा नाही, अंगात शिस्त नाही, माणसांची ओळख नाही, तर एजन्सी धरा. ओळख झाली, आजारांची नावं पाठ झाली, आणि ‘नाही’ म्हणून उठताना पोटात तुटायला लागलं, की बाहेर पडा. मला खूप वर्षं तुटत नव्हतं. अलीकडे तुटतं. गेल्या शरदात एका बाईला नकार देऊन मी गाडीत येऊन बसले आणि रडले. ती माझ्याच वयाची होती आणि तिने मला जाताना टोमॅटो दिले होते. तेव्हा तत्त्वाचं म्हणशील, तर तू जिंकलास. घे, लिहून दिलं.

पण मी येत नाही, एल्डन. ट्रेंटची खुर्चीही घेत नाही. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीपासून मला ओसरीच्या पायऱ्या चढवत नाहीत. पायांवर सूज होती, मी बूट बदलले. रात्री उशा वाढवल्या. शेवटी केन्ड्राने लेक्सिंग्टनच्या दवाखान्यात नेलं. हृदय नीट पंप करत नाही, असं निघालं. डॉक्टर वर्षं सांगत नाहीत, मीठ कमी करा म्हणतात. मी काम सोडलं की एजन्सीने कामगार म्हणून दिलेला विमा त्याच दिवशी संपतो, आणि खुर्चीवर बसूनसुद्धा मी शरदापलीकडे काम करू शकेन असं मला वाटत नाही. स्वतःची वेगळी पॉलिसी मी कधी घेतलीच नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आपल्या धंद्यातले निम्मे असेच आहेत, आपण दुसऱ्यांचं मरण विकतो आणि आपलं कुणी विचारत नाही. परवा संध्याकाळी मी माझ्याच टेबलाशी बसून आमचे प्रश्न स्वतःला मोठ्याने विचारले. चौथा हृदयाचा. ‘हो’ म्हटलं, आणि मग पुढचे विचारण्यात अर्थ उरला नाही. माझी एकुलती एक कंपनी मला घेणार नाही. मला भीती वाटते, एल्डन. मरणाची थोडी, केन्ड्राला पंपावर बरणी ठेवावी लागेल याची जास्त. गावात दुसरे स्वतंत्र एजंट आहेत, पण त्यांतला एक ‘नाही’वर खूण करेल आणि दुसरा माफी मागून उठेल. ‘हो’ ऐकून खुर्चीत बसून राहणारा मला एकच माणूस माहीत आहे. म्हणून मी तुझी भागीदार होत नाही, गिऱ्हाईक होते. गुरुवारी दुपारी ये, अकराच्या अकरा पुस्तकं घेऊन, आणि वाटेल तितका वेळ पानं उलट. मी काही बोलणार नाही. दोन वर्षांची अट असलेली मिळाली तरी चालेल. दगडापेक्षा वीट मऊ, आणि ती दोन वर्षं जगायचं माझं मी बघते. माझ्यावरचं कमिशन मात्र सोडायचं नाही, नाहीतर दारातून परत पाठवीन. केन्ड्राला अजून सांगितलेलं नाही की मी तुला बोलावतेय. तू आलास की दोघं मिळून सांगू.

तुझ्यावर चिडण्याचा हक्क अजून न सोडलेली, तुझीच,
डेल्फा