खड्याचं इंग्रजी

आप्पा,

तुमच्या डाव्या मांडीत काय घुसलं होतं, हे मला आता शपथेवर लिहून द्यायचं आहे, आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. विचारायचं कोणाला? म्हणून हे लिहायला बसले. कागद कारखान्यातला आहे, एका बाजूने छापलेला, रद्दीत जाणारा. सुपरवायझरला विचारून आणलाय, तसाच उचलला नाही. हे तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं.

तो रविवार तुम्हाला आठवत असेल. आपण तेव्हा कारेगावात भाड्याच्या खोलीत राहायचो. पलटणीतून घरी आल्यावर तुम्ही कंपनीच्या गेटवर उभे राहत होता आणि मी सातवीत होते. आई भाकरी थापते आहे, धूर नको म्हणून दार उघडं आहे, आणि दारात शेजारच्या खोलीतले दोन बिहारी कामगार उभे आहेत. तुम्ही ट्रंकेतून फॉर्म काढता. लढाईत जखमी झालेल्या जवानाला जे पदक मिळतं ते तुम्हाला मिळालेलं नाही, कारण तुमच्या रेकॉर्डवर नुसतं ‘मांडीला इजा’ एवढंच आहे, ती कशाने झाली ते नाही. ते दुरुस्त करून मागायचं. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. तुमची शाळा आठवीपर्यंत, आईची तेवढीही नाही. तुम्ही म्हणालात, “लिही. ड्युटीवर असताना डाव्या मांडीला खडा लागला.”

“खडा म्हणजे? कसला खडा?”

“खडा म्हंजी खडा. लई चौकशा करू नको, लिही.” आणि तुम्ही चुलीकडे पाहिलंत. आई पाठमोरी होती, पण तिचा हात परातीत थांबला होता. तो हात मला आज दिसतो. तेव्हा मी पाहिला की नाही, सांगता येत नाही.

मी शब्द डिक्शनरीत पाहून लिहिला. दगड. इंग्रजीतून दगड. दारातला एक जण म्हणाला, “वाह, बिटिया तो अंग्रेजी लिखती है!” आणि तुम्ही मिशीवरून हात फिरवलात. मग मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, तुम्ही माझ्याच पेनाने सही केलीत आणि म्हणालात, “बराबर हाय.”

आप्पा, आपल्याकडे मोठी गोष्ट लहान करून बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आत्याला साप चावला तेव्हा सगळे ‘पान लागलं, पान लागलं’ म्हणत धावले, आणि पान म्हणजे झाडाचं पान नव्हे हे मला दुसरीत असल्यापासून कळत होतं. दिवा विझला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं, हेही तुमच्याकडूनच शिकले. मग खडा म्हणजे खडा नव्हे, हे मला का सुचलं नाही? सातवीतली मुलगी एवढी भोळी असते का? की इंग्रजीत आलं की आपली भाषा आपल्याला कळेनाशी होते? मी पुष्कळ विचार करते. उत्तर एका दिवशी एक येतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

मग नकाराचं पत्र आलं. ते गावाकडच्या पत्त्यावर गेलं, दौंडच्या बाजूला, आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्या एकाने ते चारचौघांत वाचून दाखवलं. अर्जदाराने स्वतःच दगड लागल्याचे नमूद केले आहे, सबब ही शत्रूच्या कारवाईत झालेली जखम मानता येत नाही. त्या दिवसापासून तुम्ही ‘दगडवाले फौजी’ झालात. झेंडावंदनाला गेलात की कोणी तरी म्हणायचंच, “फौजी, जपून, रस्त्यात खडी टाकलीय!” तुम्ही हसायचात. आई हसत नव्हती. ती पुढच्या झेंडावंदनाला आली नाही, आणि तुम्ही गेल्यानंतर तर एकदाही नाही. मी मात्र इतकी वर्षं रेकॉर्ड ऑफिसवर रागावून होते. वाटायचं, तिकडेच कोणीतरी चुकीचा शब्द घातला असणार. अर्जात काय लिहिलं होतं ते मी विसरले होते, म्हणजे खरंच विसरले होते की विसरले असं धरून चालले होते, हे मला आता नीट सांगता येत नाही.

यंदा आई म्हणाली, “आता तू शिकलीस, नोकरीला लागलीस. परत एकदा लिही की. दगड पुसून टाक म्हनावं त्यांना.” मी जुन्या कागदांच्या प्रती मागवल्या. पाकीट शिरूरला माझ्या खोलीवर आलं. उघडलं तर तिसऱ्या पानावर माझंच अक्षर. गोल गोल, आय या अक्षरावर टिंबाऐवजी काढलेला पोकळ गोळा, तसा मी सातवीतच काढायची. आणि तो शब्द, सगळ्यांत ठळक, दोनदा गिरवल्यासारखा. खाली तुमची सही. मी डबा न घेताच कामावर गेले.

माझं काम काय आहे ते तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही हसला असता. कारखान्याच्या क्वालिटी खात्यात मी दिवसभर दुसऱ्यांनी भरलेले कागद तपासते. आमच्याकडे नियम आहे की चुकीची नोंद खोडायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही, गिरवायचं नाही. चुकलेल्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचा शब्द वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर शब्द, सही आणि तारीख. नवी मुलं रेघ मारमारून कागद फाडतात. मी त्यांना सांगते, चूक लपवायची नसते, ती कोणी केली ते दिसलं पाहिजे.

सांगणं सोपं आहे. मी पाटसला गेले, तुमच्या पलटणीतल्या मामांकडे. साखर कारखान्याचा हंगाम चालू, उसाच्या ट्रॉल्यांमागून जीप मुंगीसारखी चालली होती. मामा आता कानाने जड झालेत. मी प्रत काढून दाखवली तशी ते म्हणाले, “हे तुजं अक्षर न्हवं? मला तवाच दावलं व्हतं त्यानं. समद्यांना दावत फिरत व्हता.”

“मामा, खरं काय लागलं होतं?”

“काय म्हंजी? स्प्लिंटर! तोफेचा गोळा फुटला, त्येचा तुकडा हितं घुसला. मीच पटका बांधला त्येच्या मांडीला. लिहून देतो की, कुठं सही करू सांग.”

“आप्पांना तो शब्द माहीत होता?”

मामा माझ्याकडे बघतच राहिले. “अगं, आख्खी पलटण दिसातनं धा येळा तो शब्द बोलायची! मीच त्येला म्हनलं, गड्या, पोरीनं दगड लिवलाय, दुरुस्त कर. तर म्हनला, ऱ्हाऊ दे, ह्या कागदावर खाडाखोड करायची न्हाई.”

“फॉर्मवर तसं छापलंय म्हणून? की मी लिहिला होता म्हणून?”

“आता ते मला काय ठावं? हसत व्हता, एवढं आठवतंय.”

फॉर्मच्या तळाशी खरंच छापलं आहे, खाडाखोड केलेला अर्ज बाद होईल. मी दहा वेळा वाचलं. तुम्ही शिस्तीचे माणूस, त्या ओळीला भ्यायलात असंही असेल. पण नवा फॉर्म मिळाला असता, आप्पा. पोस्टाच्या अलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळत होता. तुम्ही आणला नाहीत. म्हणजे पदकापेक्षा माझा पहिला इंग्रजी कागद मोठा वाटला? असं वाटलं की मला रडू येतं, आणि लगेच राग येतो. मी एवढीशी होते, माझ्या अक्षरावर एवढं ओझं कशाला ठेवलंत?

आईने अजून एक वस्तू काढली. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडताना काकांना एक लोखंडाचा तुकडा सापडला होता, शेंगदाण्याएवढा. तो तिने चुन्याच्या डबीत जपून ठेवलाय. “हे बग, हाच तो खडा.” मी तो कारखान्यात नेला. लॅबमधला मुलगा म्हणाला, “मॅडम, स्प्लिंटर असेल, नाही तर सरणात माल ठेवायच्या पॅलेटचं लाकूड असलं तर त्यातला खिळाही असेल. जळून गोळा झालाय.” तुमच्या सरणाला लाकूड कुठलं होतं, मला आठवत नाही. तो तुकडा मी पुरावा म्हणून जोडणार नाही. पण फेकवतही नाही.

दौंडला प्रतिज्ञापत्र टाईप करायला गेले. टाईप करणारे गृहस्थ वयस्कर, चष्मा कपाळावर. मी सांगितलं तसं त्यांनी टाईप केलं आणि मध्येच ते थांबले. “‘मूळ अर्जातील चुकीचा शब्द माझा आहे.’ हे कशाला, ताई? ‘कार्यालयीन नजरचुकीने’ लिहा. समदे तेच लिहितात.”

“पण चूक कार्यालयाची नाही ना.”

“मग काय फाशी हाय व्हय कार्यालयाला? अहो, केस पातळ होती अशानं. साहेब म्हणंल, खाली बापाची सही हाय, म्हंजी बापानं खोटं लिहून दिलं.”

तिथे मी अडकले. माझी चूक लिहिली तर ती तुमच्या सहीवर जाते. न लिहिली तर मी तुमच्याच नावाने खोटं बोलते. कोणतं तुम्हाला चाललं असतं? मी आईला फोन लावला. ती म्हणाली, “दगडवाल्याची बायको म्हनून मी ऐकून घेतलं. लबाडाची बायको म्हनून न्हाई ऐकायची. जसं हाय तसं लिव्ह.” जसं आहे तसं म्हणजे कसं, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण मी त्या गृहस्थांना टाईप करायला सांगितलं: वडिलांनी तोंडी सांगितलेला ‘खडा’ हा शब्द मी चुकीचा समजले, आणि मुलीने लिहिलेल्या कागदावर त्यांनी विश्वासाने सही केली. विश्वासाने, की माहीत असून, हे मी लिहिलं नाही, कारण ते मला माहीत नाही.

जुन्या अर्जाच्या प्रतीवर त्या शब्दावर एक रेघ मारली. शेजारी स्प्लिंटर. माझी सही, आजची तारीख. मामांचा जबाब जोडला. पाकीट बंद आहे, सोमवारी शिरूरच्या पोस्टातून रजिस्टर करीन. पदक येईल की नाही, कळत नाही. आईने मात्र इस्त्रीला टाकायच्या कपड्यांत तिची झेंडावंदनाला नेसायची निळी साडी ठेवलेली मी पाहिली.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक राहिलेलं इथेच सांगते. तुम्ही फॉर्मवर सही करण्याआधी विचारलं होतंत, “डिक्शनरीत बगितलंस का?” मी म्हणाले, “हो.” आप्पा, तुम्ही पुण्याहून आणलेली ती लाल पुठ्ठ्याची डिक्शनरी मी आदल्या आठवड्यात शिरूरच्या एसटीत विसरले होते. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. आणि आजही वर तेच लिहून गेले, की शब्द डिक्शनरीत पाहून लिहिला. त्या वाक्यावर मी आता एक सरळ रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं.