कोऱ्या चौकटीखालची शाई

३ डिसेंबर
नलिनीला जाऊन एकवीस दिवस. आज तिचा रानफुलांच्या तिकिटांचा आल्बम काढला. मुग्धा पुण्याहून रोज फोनवर, "बाबा, देताय ना तो?" तिचं बरोबर आहे. न.नेच सांगून ठेवलं होतं, पुरा करील त्याला द्या. सयाजीगंजला तिकिटं जमवणारे हसमुखभाई आहेत, त्यांना हो म्हटलं. रविवारी नेतील. मग घरात न.चं अक्षर कुठे उरणार नाही.
न.ची पद्धत : हवं असलेल्या तिकिटाची चौकट आखायची, खाली पेन्सिलने फुलाचं नाव. तिकीट हातात आलं की नाव खोडून शाईने लिहायचं. आधी कधीच नाही. कोऱ्या चौकटी मोजल्या. अकरा. अकराही पेन्सिलने.

५ डिसेंबर
चहा घेताना पुन्हा चाळला. 'कळलावी' शाईत आहे. वर चौकट कोरी. परवा मीच नीट पाहिलं नसेल. मुग्धाला फोटो पाठवला. म्हणाली, "आईचंच आहे. तुमचं अक्षर कुठे एवढं वळणदार!"
पानावर खोडरबराचा भुगा होता. तो सांगितला नाही.

६ डिसेंबर
टपाल. न.च्या नावाने पाकीट, तिच्या हरारेच्या पत्रमैत्रिणीचं. तिला अजून काही ठाऊक नाही. कळवायला हवं. पाकिटावर कळलावीचं तिकीट.
ताटलीत पाणी घेऊन सोडवलं, टिपकागदात ठेवलं. इतकी वर्षं नुसतं बघत होतो, हात बरोबर चालला.

७ डिसेंबर
सकाळी 'ब्रह्मकमळ' शाईत.
अकराला हसमुखभाई आले. बसायच्या आधीच खिशातून पुडी काढली. "साहेब, आ बेने मागी'ती. आपवानी रही गई." न.ने मागितलेलं तिकीट, द्यायचं राहून गेलेलं. उघडली. ब्रह्मकमळ.
मी आल्बम पुढे केला. त्यांनी नावावर बोट टेकवलं. बोटाला निळं लागलं. मग हसून, "साहेब, चा पिवडावशो के बिवडावशो?" चहा पाजणार की घाबरवणार. मला हसू आलं नाही. चहा अर्धा ठेवून, नंतर येतो म्हणत उठले. "पछी आवीश." आल्बम टेबलावरच.

८ डिसेंबर
मुग्धा : "बाबा, तुम्हीच झोपेत लिहीत नाही ना?"
असेलही. दोन्ही हात उजेडात धरून पाहिले. स्वच्छ. पण कळलावी टपालात आहे, हसमुखभाईंच्या खिशात काय आहे, हे झोपेत तरी मला कुठून…
न.चं पेन कपाटात, चष्म्याशेजारी. तिच्यानंतर हात लावला नव्हता. टोपण काढलं. निब ओली.

१० डिसेंबर
'निळी खसखस'. 'निळी' शाईत, शेवटाला फिकट होत गेलेली. 'खसखस' पेन्सिलनेच, न खोडलेली.
न.ची दौत पाहिली. रिकामी.
हसमुखभाईंचा फोन. "रविवारे लई जाऊं, साहेब?" न.चा शब्द आहे, द्यायला तर हवाच. "सांगतो," म्हटलं.
भाजीला खंडेराव मार्केटला जायचंच आहे. येताना शाई आणतो. न. निळी-काळी घ्यायची.