राखणेचा पांढरा कोंबडा

आये, तुझ्याशी माझं एक भांडण अर्धं राहिलंय. ते तूच अर्ध्यावर सोडलंस. तुझ्यासारखी बाई भांडण सोडून देते म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. एरवी तू एसटीच्या कंडक्टरलाही सोडत नव्हतीस. पेणहून रोह्याला माझ्याकडे आलीस तेव्हा मांडीवर डालं, डाल्यात चार गावठी कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा. कंडक्टर कुरकुरला तर तू त्याला म्हणालीस, यांचा आवाज तुझ्या गाडीपेक्षा कमीच हाय. हे तूच चहा पिता पिता मला हसत सांगितलंस. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. आदल्या पावसात धरमतरच्या खाडीकडचा आपला बांध फुटला होता, भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं होतं आणि मोठ्या भरतीला ते तुझ्या ओट्याला लागत होतं. तुला एकटीला तिथे ठेवायचा मला धीर होत नव्हता. तू कायमची माझ्याकडे राहावीस एवढंच मला हवं होतं, आणि तू मात्र म्हणत होतीस, चार दिवस बघीन नि जाईन.

आमचं शेड तेव्हा नवं होतं. ह्यांची रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट बंद झाली, म्हणून घरामागच्या वरकस जमिनीवर ते उभारलं. वर पत्रे, बाजूंना जाळी, खाली भाताचं तूस. पिल्लं कोंबडीवाल्या कंपनीची, खाद्य त्यांचं, औषध त्यांचं. जागा, पाणी आणि जागरण आमचं. पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात, पिवळी, मुठीत मावतील एवढी, आणि दीड महिन्यात स्वतःच्याच पायांना पेलवत नाहीत इतकी जड होतात. मग गाडी येते आणि घेऊन जाते. तू जाळीला नाक लावून बराच वेळ उभी राहिलीस आणि म्हणालीस, एवढे कोंबडे नि एक आरवत नाय. मी सांगितलं, आरवायच्या वयाला ते पोचतच नाहीत. त्या दुपारी मी शेडातल्या कोंबडीचा रस्सा केला तर तू चुलीवर सुकट भाजून घेतलीस.

तुझा नियम मला लहानपणापासून पाठ होता. कोंबडं कापायचं तर आधी त्याच्यापुढे मूठभर तांदूळ टाकायचे. टिपले तर त्याची हरकत नाही. नाही टिपले तर सोडून द्यायचं, मग पाव्हणा दारात का उभा असेना. बांध राखतो म्हणून बांधावरच्या देवाला वर्षाचा कोंबडा, राखण, देतात तेव्हा गाव असंच करतं, पण तू घरच्या कोंबडीलाही विचारायचीस. एका दिवाळीत कोंबड्याने तोंड फिरवलं म्हणून आम्ही भावंडं वालाच्या बिरड्यावर जेवलो, त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. तर दोन दिवस सुकट खाऊन झाल्यावर तू मला गाठलंस.

"तुमी इचारता का गो त्यांना?"

"गाडीभर कोंबड्यांना कोण विचारणार, आये?"

"मंग मी खायाची नाय. आन जिथलं मी खात नाय, तिथं मी ऱ्हायाची पन नाय."

झालं. तिथून आपलं रोज जुंपायला लागलं. मी म्हणायचे, तुमच्या देवाला दर वर्षी कोंबडा दिला, विचारून दिला, तरी बांध फुटायचा तो फुटलाच. मी म्हणायचे, तुझ्या वेळी कोंबडी वर्षातून दोनदा, तीही जावयाच्या पानात. आता वीटभट्टीवरची बाईसुद्धा रविवारी पोरांसाठी पाव किलो नेते, तिच्या पोरांच्या तोंडचं काढू का? तू म्हणायचीस, तिच्या पोरांचं खरं हाय, माझं पन खरं हाय. हे तुझं नेहमीचंच, समोरच्याचं मान्य करून आपलं सोडायचं नाही. आमचे हे मधे पडायचे नाहीत. जावयबापू भला मानूस, असं तू म्हणायचीस आणि त्यांच्या शेडात पाऊल टाकायची नाहीस.

तशात कंपनीचा सुपरवायझर आला. बिचारा पोरगेलासाच होता, पण त्याने तुझं डालं बघितलं आणि कपाळाला हात लावला. आवारात गावठी कोंबडी चालत नाही, एकीला मानमोडीचा रोग झाला तर आख्खं शेड झोपेल, म्हणाला. खरंही होतं ते. मी तुला कसं सांगावं याचा विचार करत होते, तोवर तू सगळं ऐकलं होतंस. संध्याकाळपर्यंत चारही कोंबड्या आणि तो तांबडा कोंबडा तू वाडीत वाटून टाकलास, रागाच्या भरात, कोणाला काय दिलं हेही न बघता. आणि दुसऱ्या दिवशी तुला आठवलं की यंदा गावच्या राखणेची पाळी आपल्या घराची, आणि तो तांबडा कोंबडा त्यासाठीच होता. ज्याला दिलास त्याने तो रात्रीच शिजवला होता. राखणेच्या दिवसांत गावठी कोंबडा शोधून सापडत नाही, प्रत्येकाने आपापला देवासाठी धरून ठेवलेला असतो. शेवटी ह्यांनी शेडातला एक चांगला, पांढराशुभ्र, जड नर काढला आणि म्हणाले, देवाला काय, कोंबडा तो कोंबडा. तू नको म्हणाली नाहीस. पाळी चुकवणं तुला त्याहून वाईट वाटत होतं.

मी तुझ्याबरोबर गावी आले होते. फुटलेल्या बांधाच्या अलीकडच्या टोकाला गाव जमलंय, नारळ फुटलाय, राखणेचा मानकरी गावकर त्या पांढऱ्या कोंबड्याला जमिनीवर ठेवतो. तो उभा राहत नाही. छाती टेकून बसतो. पुढ्यात तांदूळ टाकतात, तर तो तांदळांकडे बघतसुद्धा नाही. त्याने आजवर डब्यातलं कुटलेलं खाद्य सोडून दुसरं काही पाहिलेलंच नसतं. गावकर थांबतो. पाणी शिंपडतो. पुन्हा टाकतो. मागे पोरं हसायला लागतात, कोणीतरी म्हणतं, हा कंपनीचा माणूस हाय, साहेबाला विचारल्याबिगर टिपायचा नाय. मलाही हसू येतं. तुला येत नाही. तू खाली बसतेस, त्याच्या पिसांवरून हात फिरवतेस आणि गावकराला म्हणतेस, "त्याला जल्मात कोनी काय इचारलं नाय. आज एकदम इचारल्यावर तो काय सांगंल?" शेवटी शेजारच्या घरातून गावठी कोंबडा आणला. त्याने टाकल्या टाकल्या तांदूळ टिपले आणि राखण झाली. आपला पांढरा तू पदराखाली घेऊन परत आलीस. एसटीत माझ्याकडे बघितलंही नाहीस, आणि मला कळलं की हे भांडण मी हरले. आता तू जाणार.

बाहेर गेलेली कोंबडी परत शेडात घेता येत नाही, म्हणून तू त्याला परसात शेवग्याखाली ठेवलंस. मी डब्यातून खाद्य आणलं तर माझा हात धरलास. कंपनीचं नको, दाना शिकू दे त्याला, म्हणालीस. तो शिकेना. सावलीत नुसता बसून राहायचा. तू त्याच्यापुढे तांदूळ, नाचणी, शिळा भात, काय काय मांडलंस, बोटाने जमिनीवर टकटक करून दाखवलंस, कोंबडी पिल्लांना दाखवते तशी. दोन-तीन दिवस गेले. त्याचा तुरा फिका पडला. मग एका सकाळी तू मला हाक मारलीस, म्हणून मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. तुझ्या तळहातावर तांदूळ होते आणि तो ते टिपत होता, भराभरा, तुझ्या हाताला चोच लागेल इतक्या घाईने. मला वाटलं तू खूश असशील. मी म्हटलंसुद्धा, बघ, मानलं त्याने. तू मान वर केली नाहीस.

"भूक लागलीय गो त्याला," तू म्हणालीस. "सगळे भुकेनंच टिपत व्हते. आमी त्याला व्हय समजत आलो."

एवढंच बोललीस. त्याला कापलं नाहीस. पंधरवड्याने त्याचं वजनच त्याला झेपेना, पाय पसरून मेला, त्याला तू शेवग्यापाशी पुरलंस. आणि तू गेली नाहीस. मी तुझ्या गाठोड्याकडे बघत होते, तू त्याची गाठ सोडून लुगडी दोरीवर टाकलीस. मरेपर्यंत इथेच राहिलीस. रविवारी रश्श्याची वाटी पुढे केली तर घ्यायचीस, दोन घास खायचीस, मीठ कमी-जास्त काही सांगायची नाहीस. लोक म्हणत, म्हातारी निवळली. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तरी गाडी आली की मी उगाच तुझ्यासमोरून दोनदा ये-जा करायचे, काहीतरी बोलशील म्हणून, आणि तू वाल सोलत राहायचीस. तू बोलत होतीस तोवर त्या कोंबड्यांच्या बाजूने घरात एक माणूस होतं, म्हणून मला बिनदिक्कत दुसऱ्या बाजूला उभं राहता येत होतं. तू गप्प झालीस आणि ती जागा रिकामीच राहिली. मी तिथे गेले नाही. शेडं वाढवली, आणि वाईट केलं असं मला आजही म्हणता येत नाही.

हा कागद घालायला कुठली पेटी नाही, आणि तुला वाचता येत नव्हतं हे एक बरं आहे. परवा माझी नात सुट्टीला आली आणि तिने रश्श्याची वाटी बाजूला सारली. मी तिला वीटभट्टीवाल्या बाईपासून सगळं ऐकवलं. तिचं शिक्षण कशातून चाललंय तेही काढलं. ती मान खाली घालून उठली आणि परसात जाऊन बसली. थोड्या वेळाने मी तिच्यामागे गेले. गप्प बसू नकोस, भांड माझ्याशी, असं म्हणायला गेले होते. जेवून घे, एवढंच म्हटलं.